आजोबांच्या ट्रस्टचा हिशोब काकांकडे मागायचाय, नातं न तोडता. कसं करावं?

रेवती_डोंबिवली

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. थोडक्यात सांगायचा प्रयत्न करते, जमणार नाही बहुतेक.

आजोबा २०११ ला गेले. त्यांनी रजिस्टर केलेलं मृत्युपत्र होतं. डोंबिवलीचा फ्लॅट विकून येणारे पैसे आणि त्यांच्या एफड्या मिळून एक ट्रस्ट करायचा, त्यातून आत्याचा आयुष्यभराचा खर्च भागवायचा आणि तिच्या पश्चात जे उरेल ते आम्हा नातवंडांत सारखं वाटायचं असं त्यात लिहिलंय. आत्याला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. आता ५८ वर्षांची आहे, हाताने जेवते, गाणी सगळी पाठ आहेत, पण आंघोळीला मदत लागते आणि घरात एकटं ठेवता येत नाही. विश्वस्त दोघे, मोठे काका आणि माझे बाबा. तेव्हा साधारण ६२ लाख होते.

आत्या पहिल्यापासून काका-काकूकडे सांगलीत. बाबा २०१९ ला गेले, तेव्हापासून पैशाचं सगळं काका एकटेच बघतात. मध्यंतरी दादा तिकडे गेला होता, तर बोलता बोलता काका म्हणाले की १८ लाख एका पतसंस्थेत अडकलेत. शिवाय आत्यासाठी म्हणून वर एक खोली काढली, तिला ९ लाख लागले. आणि चुलतभावाने वर्कशॉपला मशीन घेतलं तेव्हा ट्रस्टमधले थोडे "फिरवले" आणि नंतर परत भरले. दादाने म्हटलं कागद बघू का, तर काका उठून देवळात निघून गेले. काकू म्हणाली, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आज बरी आठवण झाली.

दादाचं म्हणणं वकिलाची नोटीस पाठवू. आई म्हणते बाबांच्या आजारपणात काकांनी काय केलं ते विसरू नका. मी मधे लोंबकळतेय. आम्हाला आत्ता पैसे नकोच आहेत, पण आहेत किती आणि कुठे हे तरी कळायला नको का? कोणी यातून गेलंय का?

घाटावरचा

नोटीस द्या. देवळात जाणारा माणूस नोटीस आली की बरोबर घरी सापडतो.

मोदकप्रेमी

धर्मादाय आयुक्तांकडे साधा अर्ज करा, ट्रस्टचे हिशोब दरवर्षी त्यांच्याकडे द्यावेच लागतात, तिथून कॉपी मिळेल. खर्च काही नाही.

मुक्ता_वकील

@मोदकप्रेमी, नाही हो. धर्मादाय आयुक्त सार्वजनिक ट्रस्ट बघतात, देवस्थान, शाळा, दवाखाने वगैरे, तो १९५० चा कायदा. घरातल्या ठरावीक माणसांसाठी केलेला ट्रस्ट खाजगी असतो, त्याला १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट लागतो आणि भांडण झालंच तर दिवाणी कोर्ट. आयुक्तांकडे गेलात तर महिनाभराने "आमच्या कक्षेत येत नाही" एवढं उत्तर मिळेल आणि तोवर काकांना कळलेलं असेल की पुतण्याने सरकारात तक्रार केली.

रेवती, हिशोब मागणं हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. कलम १९ म्हणतं विश्वस्ताने स्पष्ट आणि अचूक हिशोब ठेवायचा आणि लाभार्थीने मागितला की द्यायचा. कलम ५७ ने तर ट्रस्टचा दस्त, हिशोब, पावत्या बघायचा आणि नकला घ्यायचा अधिकार आहे. तुम्हाला आज एक रुपयाही मिळणार नसला तरी आत्याच्या पश्चात तुमचा वाटा आहे ना, म्हणजे तुम्ही लाभार्थी.

दुसरं, मुदतीची घाई नाही. मुदत कायद्याच्या कलम १० प्रमाणे अशा नेमलेल्या विश्वस्ताकडून हिशोब किंवा मालमत्ता मागायच्या दाव्याला मुदतीची अडचण येत नाही. तेव्हा दादाला सांगा, श्वास घ्या.

सॅन_होजेकर

इथे कॅलिफोर्नियात विश्वस्ताने सध्या लाभ घेणाऱ्या लाभार्थींना सहसा वर्षातून निदान एकदा हिशोब द्यायचाच असतो, मागायची वेळच येत नाही. सिस्टीम असली की नाती टिकतात.

घाटावरचा

आला. मी म्हणतच होतो अजून अमेरिका कशी नाही आली धाग्यावर.

सॅन_होजेकर

घाटावरचे, तुमची आठवण काढली की येतो मी :) पण मुद्दा खरा आहे की नाही?

आप्पा_मिरजकर

मी जरा उलट बाजूनं बोलतो, कारण मी सोताच तसला काका आहे. धाकटा भाऊ गेला तवा त्याची दोन पोरं लहान, विम्याचे आणि सोसायटीचे पैसे माझ्याकडं आले. कायद्यानं ट्रस्ट बिस्ट काय नव्हतं, पण जबाबदारी तीच की. पयल्या दिवसापासनं एक वही केली. डावीकडं आलेलं, उजवीकडं गेलेलं, पावती तिथंच टाचून. दर पाडव्याला वहिनीला वाचून दाखवायचो. ती म्हणायची भावजी नको हो, लाज वाटते. मी म्हणायचो तुला लाज वाटू दे, मला झोप लागू दे.

आता खरं सांगतो. मोठा पुतण्या कॉलेजात गेल्यावर एकदा त्यानं विचारलं, काका त्या एफडीचं व्याज किती आलं. वही उघडी समोर पडलेली, लपवायला काय बी नव्हतं, तरी कानशिलं गरम झाली माझी. का ते आजपण सांगता येणार न्हाय. तेव्हा तुमचे काका उठून गेले म्हणजे खाल्ले असतील असं लगेच धरू नका. आणि खाल्ले नसतील असंही धरू नका.

कोथिंबीरवडी

आप्पा, शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावण्यासारखी. +१

टीडीएसवाला

सीए आहे, भावना बाजूला ठेवून लिहितो.

काकांशी बोलायच्या आधी तीन गोष्टी काढा. १) ट्रस्टचं स्वतंत्र पॅन आहे का. २) एफड्या कोणाच्या नावाने आहेत, ट्रस्टच्या, दोघांच्या, की काकांच्या एकट्याच्या. ३) पॅन असेल तर फॉर्म २६एएस आणि एआयएस, म्हणजे त्या पॅनवरचं व्याज आणि कापलेला कर यांची आयकर खात्याकडची नोंद. व्याजावर टीडीएस कापला गेला असेल तर कुठल्या बँकेत काय आहे हे त्यात आपोआप दिसतं, वह्या नसल्या तरी अर्धा हिशोब तिथून उभा राहतो. उरलेला बँक स्टेटमेंटवरून.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचा काकांच्या प्रामाणिकपणाशी संबंध नाही. मी बघितलेल्या बहुतेक घरगुती ट्रस्टमध्ये पॅन काढलेलंच नसतं, सगळं विश्वस्ताच्या स्वतःच्या खात्यात असतं, आणि नॉमिनी त्याची बायको किंवा मुलगा. काकांचं वय काय? सत्तरीच्या पुढे असणार. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर बँक ते पैसे नॉमिनीला देऊन मोकळी होईल आणि हे काकांचे नसून ट्रस्टचे होते हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. आत्याचा औषधपाण्याचा खर्च तेव्हा कोण करणार?

कोथिंबीरवडी

पण नॉमिनी म्हणजे मालक ना? आमच्या सोसायटीत सगळे असंच धरून चालतात.

मुक्ता_वकील

अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच विम्याच्या बाबतीत सांगितलं की नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, वारसांचा हक्क तसाच राहतो. शेअर्सबद्दल उगाच घोळ होता, तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये शक्ती येझदानी खटल्यात मिटला, तिथेही तेच. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी धरतात, तेवढा अपवाद. बँकेच्या एफडीला तो नाही.

पेन्शनर_नाना

आमच्या धाकट्या मेव्हण्याने नॉमिनी होऊन फ्लॅटला कुलूप लावलं होतं. सासूबाईंच्या तेराव्याला सगळे जिलेबी खात असताना तो कुलूप घेऊन आला. चांगलं मोठं, सात लिव्हरचं. पुढची गोष्ट वेगळ्या धाग्यात.

घाटावरचा

नाना, वेगळा धागा काढाच. शीर्षक: "जिलेबी आणि सात लिव्हर".

सुगंधा_मावशी

एवढे प्रतिसाद झाले, कायदा झाला, टीडीएस झाला, अमेरिका झाली. त्या काकूबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

माझा धाकटा दीर असाच आहे, तेविसाव्या वर्षी मी या घरात आले तेव्हापासून त्याचं मी करते. आंघोळ, नखं, रात्री उठून चादर बदलणं, फिट आली की तोंडात चमचा घालू नका म्हणून घरातल्या बाकीच्यांवर ओरडणं. एक लग्न अख्ख्या कुटुंबाने मिळून अटेंड केलेलं मला आठवत नाही, एकजण मागे राहतोच आणि तो एकजण कोण ते सांगायला नको. नणंदा दिवाळीला येतात, त्याच्यासाठी शर्ट आणतात, फोटो काढतात, स्टेटसला टाकतात. बरं वाटतं त्यालाही. पण दुपारी चार वाजता त्या गेल्या की शर्टावर सांडलेलं मीच धुते.

रेवती, तू वाईट नाहीस, तुझा प्रश्नही बरोबर आहे. पण "इतकी वर्षं कोणी विचारलं नाही" हे काकू पैशाबद्दल म्हणाली असं तुला खरंच वाटतं?

दिवसभर बाई ठेवायची म्हटलं तर महिन्याला काय घेते ते आज सांगलीत जाऊन विचार. त्याला इतक्या वर्षांनी गुण. ६२ लाख कुठे गेले विचारायच्या आधी ते गणित एकदा कर.

रेवती_डोंबिवली

मावशी, वाचलं. दोनदा वाचलं. नाही, पैशाबद्दल नव्हती म्हणाली.

घाटावरचा

मावशींचा आदर ठेवून असहमत. सेवा केली म्हणून दुसऱ्याच्या पैशातून पोराच्या वर्कशॉपला मशीन घेता येत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सेवेचा मोबदला हवा असेल तर तो उघड मागावा, "फिरवले" म्हणू नये. आपल्याकडे हीच बोंब आहे, मोबदला मागायचा नाही कारण वाईट दिसतं, आणि मग मधल्या मधे घ्यायचा कारण आपण केलंय की एवढं.

मुक्ता_वकील

दोघंही बरोबर आहेत आणि कायद्यात दोघांना जागा आहे. कलम ५० प्रमाणे विश्वस्ताला स्वतःच्या कामाचा पगार घेता येत नाही, दस्तात लिहिलं असेल तरच. कलम ५१ प्रमाणे ट्रस्टचा पैसा स्वतःच्या फायद्याला किंवा ट्रस्टशी संबंध नसलेल्या कामाला वापरता येत नाही, तेव्हा मशीनचा व्यवहार चुकलाच, परत भरला असला तरी. पण झालेला योग्य खर्च विश्वस्ताला भरून घेता येतो, आणि काकू विश्वस्त नाहीत. आत्याच्या देखभालीसाठी मृत्युपत्रात पैसे खर्च करायला सांगितलेत, तर देखभाल करणाऱ्याला रीतसर, लेखी ठरवून, खात्यातून दरमहा रक्कम द्यायला माझ्या मते हरकत नाही, सगळ्या नातवंडांची लेखी संमती घेऊन केलं तर उत्तमच. हे २०११ लाच करायला हवं होतं.

खोलीचं थोडं अवघड आहे. आत्या तिथे राहते का, आणि घर कोणाच्या नावावर? घर काकांच्या नावावर असेल तर ट्रस्टच्या पैशाने त्यांच्या मालमत्तेची किंमत वाढली, हा प्रश्न कोणीही विचारेल.

परखड

एवढं कशाला, सरळ पोलिसात द्या. विश्वासघाताचा गुन्हा, पूर्वीचं ४०६, आता भारतीय न्याय संहितेचं ३१६. एक फोन गेला पोलीस स्टेशनमधून की वही, पावत्या, सगळं टेबलावर.

मुक्ता_वकील

आणि आत्या कोणाच्या टेबलावर? ७५ वर्षांच्या माणसाला चौकीत बसवलं की त्या रात्री आत्याला कोण बघणार हा विचार करा. शिवाय त्या कलमाला अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. गबाळेपणा हा हेतू नाही. घरच्या वसुलीसाठी पोलीस हा रस्ता मी माझ्या पक्षकारांना कधीच सुचवत नाही, एकदा एफआयआर झाली की समझोत्याची खुर्ची रिकामीच राहते.

परखड

म्हणजे गबाळेपणा करून १८ लाख घालवले तरी चालतात तर.

टीडीएसवाला

चालत नाहीत. दस्तात मुभा नसेल तर विश्वस्ताला पैसे वाटेल तिथे ठेवता येत नाहीत, कलम २० बघा. पतसंस्थेचा व्याजदर जास्त असतो म्हणून लोक जातात, पण तिथे बँकेसारखं ५ लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं, तो विमा देणारं डीआयसीजीसी महामंडळ फक्त बँकांना. रेवती, पतसंस्थेत पैसे कधी ठेवले होते?

रेवती_डोंबिवली

दादाला विचारलं. तो म्हणाला २०१६ च्या दिवाळीनंतर.

टीडीएसवाला

म्हणजे तुमचे बाबा तेव्हा विश्वस्त होते.

मुक्ता_वकील

हे विचारायचं माझ्या मनात होतं, टीडीएसवाले पुढे गेले. रेवती, हे वाचायला चांगलं वाटणार नाही. दोन विश्वस्त असताना केलेली चूक दोघांची. कलम २७, दोघांनी मिळून केलेल्या कसुरीत प्रत्येकजण सगळ्या नुकसानीला जबाबदार. बाबांनी सही केली असेल तर हे सरळच आहे. सही नसेल, सगळं भावावर सोडून दिलं असेल, तरी "मी लक्ष घातलं नाही" हा बचाव फार टिकत नाही. आणि विश्वस्त गेला तर जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर येते. म्हणजे दादाने दावा लावला तर काकांचा वकील पहिल्या तारखेला म्हणेल, अर्धे तुमच्या वडिलांच्या इस्टेटीतून भरा.

याच्या उलट, बाबांनंतर काका एकटे सह्या करतात म्हणून ते बेकायदा, असं दादा म्हणत असेल तर तेही नाही. एक विश्वस्त गेला की ट्रस्ट उरलेल्याकडे चालू राहतो, दस्तात वेगळं म्हटलं नसेल तर.

घाटावरचा

नोटीस द्या हे माझं वाक्य मी मागे घेत नाही, पण नोटीस टपालात टाकायच्या आधी स्वतःच्याच पत्त्यावर येणार नाही ना ते बघा.

रेवती_डोंबिवली

आज पावतीचा फोटो मागवला काकूकडून. तिने पाठवला लगेच, काही न विचारता. दोघांच्या सह्या आहेत. बाबांची सही ओळखीची, शेवटी ती शेपटी काढायचे तशी.

दादा गप्प आहे. आईने फोटो बघितला आणि स्वयंपाकघरात गेली.

आप्पा_मिरजकर

असू दे पोरी. त्या साली आमच्याकडं निम्म्या गावानं पतसंस्थेत टाकलेलं. चेअरमन गावचाच, मुलीच्या लग्नाला आलेला, त्याला कोण न्हाय म्हणणार. तुझ्या बाबांनी पण माणूस बघून टाकले असतील.

निवांत

कोर्टाचा अनुभव विचारलाय म्हणून लिहितो. आमच्यात आजीच्या पैशावरून मामा विरुद्ध मावशी. मामा मृत्युपत्राचा एक्झिक्युटर होता, म्हणजे त्याप्रमाणे वाटप करायचं काम त्याच्याकडे, आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, घेतलं होतं. त्यात यादी सहा महिन्यांत आणि हिशोब वर्षात कोर्टाला द्यायचा असतो, मामाने दिला नाही, मावशीने दावा लावला. सुनावण्या, तारखा, मामाचा वकील गावाला, मावशीचा वकील आजारी, जज बदलले. शेवटी कोर्टानेच मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ म्हणून निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी पैशाचं काही विचारलंच नाही, दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की आजीच्या शेवटच्या महिन्यात कोण कुठे होतं. मावशी तासभर बोलत होती. मामा बाहेर कॅन्टीनमध्ये चहावर चहा. तिसऱ्या बैठकीत आकड्यावर आले तेव्हा भांडायला फारसं उरलंच नव्हतं, फरक एका स्कूटरच्या किमतीएवढा निघाला. एवढ्यासाठी दोघांची मुलं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत.

म्हणून म्हणतो, कोर्टात जायच्या आधीच मध्यस्थी घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्याआधीही अर्ज करता येतो.

मुक्ता_वकील

+१. आणि महिलांना, तसंच अपंग व्यक्तींना, तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. म्हणजे आत्याच्या वतीने स्वतंत्र वकील उभा राहू शकतो. या सगळ्या भांडणात आत्याची बाजू मांडणारं कोणीच नाही हे कोणाच्या लक्षात आलंय का?

सुगंधा_मावशी

वकीलबाई, आत्ता कसं बोललात. रेवती, अजून एक. आत्याचं कायदेशीर पालकत्व कोणाकडे आहे? ती १८ वर्षांची झाल्यावर आपोआप कोणी पालक राहत नाही. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो, आम्ही दिरासाठी केलाय. पालकाला मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब समितीला द्यावा लागतो, तो कटकटीचा वाटतो पण त्यामुळे आमच्या नणंदांचे फोन बंद झाले. निरामयचा आरोग्य विमाही तिथूनच, वर्षाला १ लाखापर्यंत.

कोथिंबीरवडी

काकांना मेसेज कसा लिहायचा यावर कोणीतरी लिहा ना. माझ्याही घरी एक असं प्रकरण आहे, ट्रस्ट नाही, आईचे दागिने आहेत, पण मागायचं कसं हा प्रश्न तोच.

निवांत

असं काहीतरी: "काका, बाबा गेल्यापासून ट्रस्टचं सगळं ओझं तुमच्या एकट्यावर पडलं. आम्ही हातभार लावायला हवा होता. या सुट्टीत चार दिवस येतो, सगळे कागद एकत्र लावू, पॅन आणि खातं नीट करू. पतसंस्थेच्या पावत्या असतील तर बाजूला काढून ठेवाल का? बाबांच्याही सह्या आहेत त्यावर, म्हणजे ते निस्तरणं आमचंही काम आहे."

घाटावरचा

आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नका. गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली ट्रस्टचा हिशोब मागितला तर मिरजेपासून मेलबर्नपर्यंत सगळे मत देतील. पत्र लिहा, हाताने. त्या पिढीला पत्र कळतं.

(हो, मीच लिहितोय हे. नोटीसवाला.)

रेवती_डोंबिवली

जरा उशिरा लिहितेय, सांगलीला जाऊन आलो. दादा, मी आणि आई. पत्र आधी पाठवलं होतं, निवांत यांच्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य तसंच ठेवलं.

वह्या निघाल्या. २०११ पासून बाबा जाईपर्यंत पै न पै, काकांच्या अक्षरात, आणि प्रत्येक मार्चला खाली बाबांची सही. त्यानंतर दोन-चार पानं आणि मग कोरी. दादाने विचारलं पुढचं का नाही, तर काका म्हणाले, कोणाला दाखवायची? सही करायला होतं कोण? दादाला यावर काही बोलता आलं नाही, मलाही नाही.

पुढचं टीडीएसवाल्यांनी सांगितलं तसं बँक स्टेटमेंटवरून उभं केलं. पॅन होतं, पण गेल्या काही वर्षांच्या एफड्या काकांच्या नावानेच निघाल्या, नॉमिनी चुलतभाऊ. त्याला स्वतःला माहीत नव्हतं, तो पुण्याहून आला आणि आधी तोच घाबरला. आता त्या ट्रस्टच्या खात्यात वळवायच्यात. खोलीत आत्या खरंच राहते, खिडकीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाका मारते. घर काकांच्या नावावर आहे, त्यामुळे त्या ९ लाखांचं लेखी काहीतरी करायचं ठरलंय, घर विकलं किंवा वाटणी झाली तर तेवढे आधी ट्रस्टला.

काकूला दरमहा रक्कम ठरवायचा विषय आईने काढला. काकू आधी नको म्हणाली, मग म्हणाली पैसे नकोत, वर्षातून पंधरा दिवस आत्याला तुम्ही घेऊन जा. आईने तिथल्या तिथे हो म्हटलं. पैसेही द्यायचेच असं आम्ही तिघांनी लिहून दिलंय, आणि मे महिन्यात आत्या डोंबिवलीला येतेय. आमचा वन बीएचके, माझी आत्ताच धडधड होतेय.

अडलंय ते दोन ठिकाणी. एक, दुसरा विश्वस्त कोणाला नेमायचं, त्यासाठी कोर्टात जावं लागेल का? दोन, मशीनचे पैसे परत भरले त्यावर व्याज कुठल्या दराने. चुलतभाऊ एफडीचा दर म्हणतो, दादा म्हणतो बँकेने मशीनसाठी कर्ज दिलं असतं त्या दराने. दोघं बोलत नाहीयेत सध्या, म्हणजे बोलतात पण माझ्यामार्फत.

मुक्ता_वकील

मृत्युपत्रात विश्वस्त नेमायचा अधिकार दुसऱ्या कोणाला दिला नसेल तर कलम ७३ प्रमाणे हयात असलेला विश्वस्त, म्हणजे काकाच, लेखी नेमणूक करू शकतात. कोर्टाची गरज नाही. स्थानिक वकिलाकडून दस्त करून घ्या. दादा आणि चुलतभाऊ दोघांनाही नेमा, एकालाच नेमलंत तर दहा वर्षांनी याच धाग्याचा दुसरा भाग येईल. आणि दस्तात वर्षाचा हिशोब कोणत्या तारखेला, कोणाकोणाला पाठवायचा तेही घालून टाका.

व्याजाचं: कायद्यात, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर, ६ टक्के आहे. पैसा धंद्यात वापरला असेल तर लाभार्थींना निवड असते, सहामाही चक्रवाढीने व्याज घ्या नाहीतर झालेला नफा घ्या.

घाटावरचा

नफा घ्या म्हणावं दादाला. वर्कशॉपचा नफा कळला की तो स्वतःच ६ टक्क्यांवर येईल.

रेवती_डोंबिवली

घाटावरचे, चुलतभावाला दाखवलं हे. हसला तरी. दादाला अजून दाखवलेलं नाही.

आप्पा_मिरजकर

व्याजाचं होईल हो, आठवडाभर मागंपुढं. ते पतसंस्थेचं आधी बघा. तिच्यावर अवसायक, म्हंजे संस्था बंद करून देणी भागवणारा, बसलाय का, का अजून कारभार बघणारा प्रशासकच हाय, ते जिल्हा उपनिबंधकांच्या हापिसात जाऊन विचारा, फोनवर सांगत न्हाईत. अवसायक असंल तर मागणी अर्जाला मुदत असते, मूळ पावती घेऊन जा, झेरॉक्स चालत न्हाय. आणि ट्रस्टच्या नावानं अर्ज करा, काकांच्या नावानं नको. सांगलीत विश्रामबागला आलात की फोन करा, माझ्या ओळखीचा एकजण आहे तिथं, चहा पाजतो आणि रांगेत उभा पण राहतो.